अकरावीचे न मोजलेले गुण

दिवाळीची सुटी जवळ आली की तालुक्याच्या गावांतील कनिष्ठ महाविद्यालयांत शाखाबदलाचे अर्ज येऊ लागतात. अक्कलकोटही त्याला अपवाद नाही. जूनमध्ये पेढे वाटून विज्ञान शाखेत घातलेला मुलगा किंवा मुलगी ऑक्टोबरात कला शाखेचा रस्ता धरते, आणि जी विज्ञानातच राहतात त्यांच्यापैकी काही जीवशास्त्र सोडावे की काय, याचा विचार करू लागतात. कारण एकच असते. पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी सात गुण, सहामाहीत रसायनशास्त्रात पन्नासपैकी चौदा. दहावीला नव्वदच्या घरात असलेल्या पोराला हे गुण पाहून रडू कोसळते, वडील गप्प होतात, आणि घरातला कोणी जाणता माणूस निर्णय देऊन मोकळा होतो की डॉक्टरकी हे आपल्या घराचे काम नव्हे. या निर्णयावर अपील नसते. तो कोणत्या नियमाने झाला, असेही कोणी विचारीत नाही.

वस्तुतः असा नियम कोठेही अस्तित्वात नाही. २०१७ पासून महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश सर्वस्वी ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेवर होतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत मिळून पन्नास टक्के गुण, राखीव प्रवर्गांसाठी चाळीस टक्के, एवढी पात्रतेची अट आहे. ती पुरी झाली की बारावीचे गुणही बाजूला पडतात आणि क्रमांक लागतो तो ‘नीट’च्या ७२० गुणांवर. अकरावीच्या परीक्षेचे गुण या व्यवहारात कोणत्याच टप्प्यावर येत नाहीत. ती परीक्षा महाविद्यालय आपल्यापुरती घेते आणि उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बारावीत गेला की तिचे काम संपते. म्हणजे ज्या सात गुणांनी घरात सुतक आले, त्यांची किंमत प्रवेशाच्या हिशेबात शून्य आहे.

हे अन्यत्र असेच असते असे नाही. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात जाण्यापूर्वी बहुतेकांना चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, आणि अर्जात त्या पदवीच्या पहिल्या सत्रापासूनची प्रत्येक श्रेणी द्यावी लागते. नापास झालेला विषय पुन्हा देऊन उत्तम श्रेणी मिळविली, तरी तेथील बहुसंख्य महाविद्यालयांच्या सामाईक अर्जव्यवस्थेत दोन्ही श्रेणी सरासरीत धरल्या जातात. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांत जुन्या श्रेणीच्या जागी नवी श्रेणी धरण्याची सवलत होती; तीही २०१७ साली बंद झाली. अठराव्या वर्षी घसरलेल्या विद्यार्थ्याला ती घसरण बाविसाव्या वर्षीही पुसता येत नाही. मात्र तेथे आणखी एक गोष्ट घडते. निवड करणारे त्या गुणांकडे पाहून विद्यार्थ्याला कारण विचारतात, पुढच्या वर्षांत तो कसा सावरला हे पाहतात, आणि सावरलेल्याला त्याचे श्रेयही देतात. आपल्याकडे निवड करणारा अकरावीचे गुण मागत नाही, म्हणून कारणही विचारीत नाही. ते काम घरावर आणि शेजाऱ्यांवर सोपविलेले आहे. त्यांना गुण दिसतात, कारण दिसत नाही.

पहिल्या वर्षाच्या गुणांकडे डोळेझाक करण्याची आपली रीत जुनी आहे. इंटर सायन्सच्या काळात वैद्यकीय प्रवेश इंटरच्या गुणांवर होत आणि त्याआधीचे एफ.वाय.चे वर्ष हे महाविद्यालयाच्या अखत्यारीतले वर्ष मानले जाई. अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गीकडची मुले सोलापुरात दयानंद किंवा संगमेश्वर महाविद्यालयात जात, खोली करून राहत, आणि मराठी शाळेतून थेट इंग्रजी व्याख्यानांत पडल्यावर पहिले वर्ष चाचपडण्यात घालवीत. पण त्यांना सावरायला एक वर्ष मिळे, आणि त्या वर्षाचा भुर्दंड इंटरच्या गुणांत पडत नसे. दहा अधिक दोनचा आकृतिबंध आल्यावर इंटरची जागा बारावीने घेतली. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली. २०१३ साली ‘नीट’ घेतली गेली, त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. या सगळ्या उलथापालथीत अकरावीला कोणी हात लावला नाही.

एकदाच, आणि तेही नाइलाजाने, या वर्षाला भाव आला. करोनामुळे २०२१ ची बारावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा राज्य मंडळाने दहावीचे तीस, अकरावीचे तीस आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे चाळीस टक्के धरून निकाल लावला. गंमत अशी की त्या विद्यार्थ्यांच्या अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही २०२० च्या टाळेबंदीत बुडालेली होती. तेव्हा ज्या गुणांना कोणी विचारीत नव्हते, ते पहिल्या सत्राचे गुण अचानक बारावीच्या गुणपत्रिकेत जाऊन बसले. निकाल ९९.६३ टक्के लागला असल्याने फारशी ओरड झाली नाही. वैद्यकीय प्रवेशाला ‘नीट’ होतीच. पुढच्या वर्षी परीक्षा झाली आणि अकरावी पुन्हा आपल्या जुन्या जागी जाऊन पडली.

येथवर वाचून एखाद्या पालकाला हायसे वाटेल. अकरावी मोजलीच जात नसेल तर सात गुणांची चिंता कशाला? नेमकी येथेच फसगत आहे. अकरावीचे गुण मोजले जात नाहीत. अकरावीचा अभ्यास मात्र पुरेपूर मोजला जातो. बारावीची मंडळाची परीक्षा बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, पण ‘नीट’च्या १८० प्रश्नांपैकी निम्म्याच्या आसपास प्रश्न अकरावीच्या पुस्तकांतून येतात. पेशीची रचना, प्रकाशसंश्लेषण, मूत्रपिंडाचे कार्य, गतीचे नियम, रसायनशास्त्रातील मोलचा हिशेब, हे सगळे अकरावीतच शिकायचे असते. ज्याला मोल समजला नाही त्याला पुढचे रसायन कोड्यासारखे वाटते. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, अशा परीक्षेत अर्धवट समजलेला धडा न वाचलेल्या धड्याहून महाग पडतो. तात्पर्य, ऑक्टोबरात मिळालेले सात गुण गुणपत्रिकेतून पुसले जातात, पण त्यांच्यामागचे न समजलेले प्रकरण दीड वर्षाने प्रश्नपत्रिकेत पुन्हा उभे राहते.

जे मोजले जात नाही ते शिकविलेही जात नाही, हा आपल्या शिक्षणाचा अलिखित कायदा आहे. अकरावीला ‘विश्रांतीचे वर्ष’ हे नाव कोणी दिले ते ठाऊक नाही, पण ते सर्वमान्य झाले आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत राहतात, वर्ग उशिरा भरतात, दिवाळी येते, आणि जानेवारी उजाडली की बारावीच्या तयारीची भाषा सुरू होते. दरम्यान ज्यांना परवडते ते लातूरला किंवा थेट कोट्याला जातात. नाव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी दुसऱ्या गावच्या खासगी वर्गात, हा प्रकार इतका माजला की २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. यंत्रावर अंगठा उमटविण्याने वर्गात शिकविणे सुरू होते, अशी त्या आदेशामागे श्रद्धा असावी. खासगी वर्गांना मात्र अकरावीचे मोल नेमके कळले आहे. ते अकरावीच्या पहिल्या दिवसापासून ‘नीट’ शिकवितात, तेथे विश्रांतीचे वर्ष वगैरे काही नसते. म्हणजे अकरावी वाया जाते ती गावात राहणाऱ्याची.

अक्कलकोटच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. हा तालुका सीमेवरचा. येथे देवळात, बाजारात आणि घरात मराठीबरोबर कन्नड बोलली जाते. नागणसूर किंवा वागदरीकडच्या कित्येक घरांत मुलाचे पहिले शब्द कन्नड असतात आणि तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. अशा घरातली मुलगी घरी कन्नड बोलते, शाळेत कन्नडमधून किंवा मराठीतून दहावी होते, आणि सोळाव्या वर्षी अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसते तेव्हा फळ्यावरचे सर्व काही इंग्रजीत असते. तिला आम्ल ठाऊक आहे, ॲसिड ऐकून ठाऊक आहे. पण रासायनिक संतुलनाचे इंग्रजी वाक्य पहिल्या वाचनात तिला अर्थ देत नाही. पहिल्या चाचणीत तिला मिळालेल्या सात गुणांत भौतिकशास्त्र किती आणि इंग्रजी किती, हे वेगळे काढून कोणी पाहत नाही. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते, हे खरे. पण शिकायचे इंग्रजीतून, पुस्तके इंग्रजी, सरावाचे प्रश्न इंग्रजी, आणि परीक्षेपुरते मातृभाषेकडे वळायचे, हे कोणाला साधावे? तेव्हा ती सवलत बहुतेकांच्या दृष्टीने कागदावरच राहते.

इंग्रजी माध्यमातून आलेल्या शहरी मुलालाही अकरावी जड जाते, पण त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागत नाहीत. सीमाभागातील विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने भाषेत जातात आणि ते सहा महिने संपत आले असतानाच त्याच्या बुद्धीचा निकाल लागतो. थोडा धीर धरला तर फेब्रुवारीपर्यंत इंग्रजी अंगवळणी पडते, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. पण फेब्रुवारीपर्यंत शाखा बदललेली असते.

घसरलेल्याला दुसरी संधी असते की नाही? कायद्याने पाहिले तर अलीकडच्या काळात ती वाढतच गेली आहे. ‘नीट’साठी असलेली कमाल वयाची अट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली काढून टाकली. अकरावी-बारावीत जीवशास्त्र न घेतलेल्याला पूर्वी वैद्यकाचे दार कायमचे बंद असे. आयोगाने २०२३ साली त्याला बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय देऊन पात्र होण्याची मुभा दिली. म्हणजे ऑक्टोबरात घाबरून जीवशास्त्र सोडलेली मुलगीही पुढे परत येऊ शकते. ही बातमी किती कनिष्ठ महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागली, हा प्रश्न वेगळा.

दुसरी संधी कायद्यात असणे आणि ती घरात परवडणे यांत मात्र अंतर आहे. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली जो अहवाल दिला त्यातील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्या राज्यात २०१६-१७ मध्ये वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणारे सुमारे साडेबारा टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते एकाहत्तर टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातही लातूरच्या वसतिगृहांवर आणि खाणावळींवर एक नजर टाकली तर वारे त्याच दिशेचे आहे हे कळते. बारावी झाल्यावर एक वर्ष, वेळ पडल्यास दोन वर्षे, केवळ ‘नीट’साठी घालविणे आता रूढ झाले आहे. त्या वर्षात काय करतात? मुख्यतः अकरावी पुन्हा शिकतात. फुकट मिळालेले वर्ष गावात वाया घालवायचे आणि तेच वर्ष नंतर परगावी विकत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. शेतजमीन गहाण टाकून मुलासाठी तो करणारे बाप या तालुक्यातही आहेत. मुलीसाठी करणारे त्याहून कमी असतील, हे सांगायला समिती नेमण्याची गरज नाही. २०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगलाच आहे. पण शुल्काचा प्रश्न प्रवेशानंतर येतो, आणि येथे मुलगी प्रवेशाच्या दोन वर्षे आधीच रांगेतून बाहेर पडलेली असते.

याला उपाय म्हणून अकरावीची मंडळाची परीक्षा घ्या, असे सुचविणारे आहेत. तो प्रयोग करून झाला आहे. तामिळनाडूने शाळा अकरावी शिकवीतच नाहीत म्हणून २०१७-१८ पासून त्या इयत्तेला सार्वजनिक परीक्षा लावली. विद्यार्थ्यांवर ताण येतो म्हणून पुढच्याच वर्षी तिचे गुण अंतिम हिशेबातून वगळले, आणि २०२५ साली परीक्षाच बंद करण्याचे ठरविले. आंध्र आणि तेलंगणात इंटरमीजिएटच्या पहिल्या वर्षाची सार्वजनिक परीक्षा वर्षानुवर्षे चालत आली. तेथेही खासगी वर्गांचा सुळसुळाट कमी झाल्याचे दिसले नाही. शिवाय सीमाभागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा उपाय रोगाहून वाईट आहे. आज त्याचे पहिले पडलेले पाऊल निदान कोठे नोंदले जात नाही. ते नोंदले जाऊ लागले तर त्याची अवस्था त्या अमेरिकन विद्यार्थ्यासारखी होईल, आणि कारण विचारणारी समिती मात्र येथे नसेल.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. २०२४ साली देशभरात तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी ‘नीट’ला बसले आणि एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यांतल्या सरकारी शुल्काच्या जागा जेमतेम निम्म्या. या गर्दीत प्रत्येक घाबरलेल्या मुलाला ‘धीर धर, तू डॉक्टर होशील’ असे सांगणे ही शुद्ध फसवणूक ठरेल. कोणाला विज्ञानाची गोडीच नसते, कोणी केवळ वडिलांच्या हौसेखातर वर्गात बसलेला असतो. त्याने वेळीच वेगळी वाट धरली तर त्यात वाईट काही नाही. कला शाखेत जाणे म्हणजे पराभव, ही समजूतही टाकून द्यायला हवी. वाद आहे तो निर्णयाच्या घटिकेबद्दल. जूनमध्ये भाषा बदलली, ऑक्टोबरात बुद्धी ठरविली, हा हिशेब कोणत्याही शिक्षणशास्त्रात बसत नाही. तोच निर्णय अकरावीच्या अखेरीस, मार्च-एप्रिलमध्ये, दोन सत्रांचे गुण शेजारी ठेवून घेतला तर त्याला काही अर्थ राहील. पहिल्या सत्रात सात आणि दुसऱ्या सत्रात तेरा मिळविणारी मुलगी दोन्ही वेळा नऊ मिळविणाऱ्या मुलापेक्षा वेगळी आहे, एवढे तरी पालकांना महाविद्यालयाने समजावून सांगायला हवे. पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका केवळ गुण देऊन परत न करता, चूक विषयाची की वाक्याची, एवढा शेरा तीवर लिहिला तरी अर्धे काम होईल. त्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही.

आणि यात केवळ विद्यार्थ्याचेच नुकसान होते असे नाही. अक्कलकोटहून सोलापूरला निघालेली एस.टी. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाजवळून जाते. पुढे सोलापुरात १९६३ पासूनचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर घडविण्याच्या दोन संस्था तालुक्याच्या इतक्या जवळ आहेत. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधन असते, आणि ते पाळण्यासाठी कोणीतरी दूरच्या जिल्ह्यातला तरुण डॉक्टर सीमेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तपासणीच्या टेबलावर एखादी म्हातारी कन्नडमध्ये आपले दुखणे सांगत असते आणि मध्ये परिचारिका किंवा शिपाई दुभाष्या म्हणून उभा असतो. छातीत दुखते की जळजळते, हा फरक दुभाष्याच्या तोंडी किती टिकतो? त्या म्हातारीचे शब्द जिला दुभाष्यावाचून कळले असते, ती मुलगी त्याच तालुक्यातल्या एका वर्गात होती आणि दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर शाखा बदलून गेली.

दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे वर्ग नेटाने सुरू व्हायला पुढे कित्येक आठवडे जातात. या मधल्या दिवसांत विद्यार्थी मोकळा असतो, महाविद्यालयाच्या खोल्या रिकाम्या असतात आणि प्रवेशाच्या याद्यांकडे डोळे लावून बसण्यापलीकडे कोणाला काम नसते. मराठी आणि कन्नड माध्यमातून येणाऱ्यांसाठी याच काळात विज्ञानाच्या इंग्रजीचा एक वर्ग चालविता येईल. त्याला नवी इमारत लागत नाही, की नवा अभ्यासक्रम. दहावीचेच विज्ञानाचे पुस्तक घ्यावे, मराठी किंवा कन्नड प्रत एका हातात आणि इंग्रजी दुसऱ्या हातात, आणि तीच प्रकरणे पुन्हा वाचावीत. तालुक्यात निवृत्त शिक्षकांचा तुटवडा नाही आणि त्यांच्यापैकी अनेकांना दोन्ही भाषा येतात. जिल्हा परिषदेने मानधनाची सोय करावी, कनिष्ठ महाविद्यालयांनी खोली द्यावी. निकालाच्या दुसऱ्या सोमवारी वर्ग भरला, तर पहिल्या घटक चाचणीपूर्वी दोन महिने हाती पडतात.